चार फ्रेम आधी

अमळनेरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही नऊ जण गती शिकत होतो.
बाहेर वैशाख, पारा चव्वेचाळीसवर,
आत कॉम्प्युटरचे पंखे
आमच्याहून जास्त धापा टाकत.

प्रोजेक्ट बारा सेकंदांचा. विषय ज्याचा त्याचा.
कुणी रॉकेट घेतलं, कुणी फुलपाखरू,
फारुकनं तर नुसता एक चेंडू.
मी मांडा घेतला.
आखाजी तोंडावर होती, आणि वाटलं
पिठाला हाडं नसतात, सोपं जाईल.

पहिल्या की-फ्रेमला उंडा.
दुसऱ्या की-फ्रेमला कोपरापर्यंत आलेली पोळी.
मधलं सगळं मशीन भरतं म्हणे.
मशीननं भरलं.
तडवी सर खुर्ची ओढून बसले, तीनदा पाहिलं,
म्हणाले, "झेंडा छान फडकतोय."

मग त्यांनी ग्राफ उघडला.
एक सरळ तिरपी रेघ,
खालच्या जिन्याच्या कठड्यासारखी.
"असं जगात काहीच चालत नाही, हर्षाली.
बैल नाही, रिक्षा नाही, माणसाचा राग पण नाही.
निघायला वेळ लागतो.
थांबायला त्याहून."

कौतिकबाई मजुरीवर मांडे करतात,
पोळीमागे पैसे, सरपण तुमचं.
मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले मोबाईल धरून,
धुरानं नाक-डोळे वाहताहेत,
आणि दोन तास फक्त त्यांचे हात.
"हात काय देखी ऱ्हायनी व," त्या म्हणाल्या,
"हातमा काही नही. खांदा देख."

रात्री व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं ढकलला.
पीठ हलायच्या आधी मनगट.
मनगटाच्या आधी कोपर.
आणि कोपराच्या चार फ्रेम आधी
पदराखाली खांदा
किंचित मागं जातो,
बोलायच्या आधी माणूस श्वास घेतं ना, तसा,
जो समोरच्याला कधी ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक उंडा मागून घेतला.
तिसऱ्या हेलकाव्याला फाटला,
पुरण माझ्या ओढणीवर, चपलेवर.
कौतिकबाई हसल्या नाहीत.
त्यांनी दुसरा दिला. तोही गेला.
पण आता मला ठाऊक झालं
की फाटायच्या आधी पीठ क्षणभर
काहीच करत नाही.
तो क्षण कुठल्याच मेनूत नव्हता.
मी तिथं दोन फ्रेम एकसारख्या ठेवल्या,
हललं नाही तरच खरं वाटत होतं.

दोनशे अठ्ठ्याऐंशी फ्रेम, अकरा रात्री.
रेघ आता सरळ राहिली नव्हती,
बोरीच्या पात्रासारखी वळत गेली होती.
रेंडर साठ टक्क्यांवर असताना लाईट गेली.
पुन्हा साठवर गेली.
फारुकचा चेंडू तोवर टप्पे खाऊन, दमून,
सर्वांच्या टाळ्या घेऊन बसला होता.

सरांनी दहापैकी सात दिले.
तीन धुरासाठी कापले :
धूर अजून झेंडाच होता.

आखाजी होऊन आठवडा झाल्यावर
कौतिकबाईंच्या ओट्यावर मोबाईल त्यांच्यापुढं धरला.
त्यांनी चष्मा शोधला नाही, मान मागं नेली.
बारा सेकंद.
"हाई मी नही व," त्या म्हणाल्या.
"हाई तं डावखोरी से."

चौकटीत नीट बसावी म्हणून
मी त्यांना आरशासारखं उलटं केलं होतं.
ना सरांनी ओळखलं, ना आम्हा नऊ जणांपैकी कुणी.

मी काहीतरी सांगू लागले, लेयर, रचना,
त्यांनी हातानंच थांबवलं.
"आखो एकदाव लाव."

मी लावलं. या वेळी पडद्याकडं पाहिलं नाही.
दोन्ही हात मांडीवर, रिकामे, पडून होते.
पण उंडा उचलला जायच्या आधी
त्यांचा उजवा खांदा मागं गेला.
किती फ्रेम आधी,
मी मोजल्या नाहीत.