भरलेला वजा रिकामा

रिवणच्या वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं बसले.
ट्रक रिकामा यायचा, आकडा लिहायचे.
भरून परतायचा, आकडा लिहायचे.
भरलेला वजा रिकामा:
उरेल ते खनिज, उरेल ते जहाजाचं,
माझ्या वाट्याला वहीच्या कडेवर तांबडा अंगठा.

खाण बंद झाली. काट्याच्या लोखंडी पाटावर आता
शेजाऱ्यांची सोलं वाळतात.
आणि मी, त्रेपन्नाव्या वर्षी, रात्री भांडी आवरून
आभाळाची वजाबाकी करते.

भाचीने शिकवलं, संज्योतने, फोंड्याला कॉलेजात असताना:
"मावशी, ही कालची रात्र, ही गेल्या वर्षीची.
नव्यातून जुनी काढायची. यंत्रच काढतं,
पण खरं-खोटं त्याला नीट कळत नाही."
मला कळतं, असं मी म्हणाले नाही.
बघत राहिले.

दक्षिणेकडच्या कुठल्याशा डोंगरावर दुर्बीण आहे.
तिच्याकडून माझ्याकडे तीन-तीन चौकोन येतात, टपाल तिकिटाएवढे:
जुना, नवा, आणि उरलेला.
उरलेल्यात बहुतेक कचरा.
उपग्रहाची रेघ, वाटेत आडवा आलेला लघुग्रह,
कॅमेऱ्याचा एक मेलेला ठिपका
जो रोज नवीन जन्मल्याचं सोंग करतो.
नाही. नाही. नाही.
वीज जाते. इन्व्हर्टर कुरकुरतो.
नाही.

परवा साडेअकराला एक आला.
जुन्या चौकोनात काही नव्हतं,
म्हणजे काचेवर कुणी श्वास टाकून पुसावा
इतपत धूसर दीर्घिका.
नव्यात त्याच जागी ठिपका. मंद.
शेजारच्या चौकोनातला साधा स्फोट याच्याहून ठसठशीत.
कुणीही याला सोडून दिलं असतं.

पण मी काट्यावरची बाई.
ताडपत्रीखाली ढीग बुटका दिसतो
आणि माती ओली असते.
डोळा म्हणतो दहा टन, काटा म्हणतो चौदा.

मागचे आकडे काढले.
(या लोकांची मोजणी उलटी, आकडा जितका लहान तितका उजेड मोठा;
पहिले आठ दिवस मी अंधारच निवडत होते.)
साधा स्फोट दोन-तीन आठवड्यांत चढतो, मग उतरणीला लागतो.
हा त्रेसष्ट दिवस चढतोच आहे,
कावऱ्याच्या चढावर पहिल्या गिअरमधल्या ट्रकसारखा.
आणि त्या पुसट दीर्घिकेचं अंतर खरं मानलं
तर साध्यापेक्षा पन्नास पट, शंभर पट…
मी पेन खाली ठेवलं.

कायतान ड्रायव्हर आठवला.
पावसाआधीचे शेवटचे दिवस, पंधरा टन भरून काट्यावर उभा,
खिडकीतून हसत: "धाच बरय गो, बाये."
वरूनही तोच निरोप असायचा.
मी दहा लिहिले. किती वेळा, ते वहीत नाही,
वहीत दहाच आहेत.
रस्ता खचला, शाळेची भिंत तडकली.
माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

संज्योत म्हणते, जड तारा पोटात लोखंड साठवत जातो,
लोखंडाशी आला की जाळ संपतो, मग कोसळतो.
मी म्हटलं, पुढचं मला ठाऊक आहे.
ते आमच्या विहिरीत आहे, चादरींत आहे,
खिडकीच्या गजांवर अजून आहे.
ती हसली. मग हसायची थांबली.

यंत्राने खाली विचारलं: खरा? खोटा? सांगता येत नाही?
आणि शेऱ्यासाठी एक रिकामी ओळ.
मी लिहिलं:
दिसतो त्याहून जड आहे. आकडा कमी करू नये.
वर्णपट घ्यावा.

उत्तर अजून नाही. तिकडे म्हणे चार रात्री ढग आहेत.
कदाचित दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर
नुसतं ढेकर देत असेल;
असंही होतं, दहातल्या नऊ वेळा होतं.
असो.
पावती मी फाडली आहे.
कार्बन कॉपी माझ्याकडे.