दोन लांब, एक आखूड

आधी पेटी उघडायची.
बाहेरून कुणीही फसवतं. ओकच्या लाकडाला पॉलिश मारलं
की परवाची नक्कलसुद्धा शंभरीची वाटते.
आत चुंबकं मोजायची, घोड्याच्या नालासारखी वाकलेली.
तीन असली तर फोन गावातला.
पाच असली तर लांबच्या शेतावरचा,
तिथून घंटी पोचवायला तेवढी ताकद लागायची.

आर्डन स्कोग्मो हे शिकवतो
आणि गॅरेजमधल्या एकोणतीस फोनांकडे पाठ करून उभा राहतो.
पोरसवदा होता तेव्हा कंपनीने त्याला ट्रक दिला, स्क्रूड्रायव्हर दिला,
म्हणाली, जुने उतरव.
त्याने उतरवले. नॉर्थ डकोटाच्या एका अख्ख्या तालुक्यातले,
ढीग घालून जाळले, तांब्यासाठी.
अक्रोडाच्या लाकडाचा धूर गोडसर असतो, म्हणतो,
आणि गप्प होतो.

व्हेल्व्हाजवळच्या लिलावात
व्हर्ना येल्लेच्या घरचा फोन निघाला.
तोंडाचं भोंगं मूळचं, वायर बदललेली, हँडल जागच्या जागी.
फिरवलं तर सैल. गरगर फिरतं, कशालाच धरत नाही.
पेटी उघडली:
जनरेटरच्या जागी धुळीतला एक स्वच्छ चौकोन.

"मायलोने नेला," व्हर्ना म्हणाली. मायलो तिचा भाऊ.
"दोन तारा नदीत सोडायच्या आणि हँडल मारायचं.
मासे पोट वर करून तरंगायचे. बिचाऱ्यांना वाटत असेल,
कुणाचा फोन आला."
हसता हसता तिला खोकला आला.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं:
येल्ले – तीन आखूड.
ओपडाल – एक लांब, दोन आखूड.
टेलफसन – दोन लांब, एक आखूड.
टेलफसनवर काट नाही,
पण अक्षरं बोटाने पुसट झालेली. तेवढी एकच ओळ.

भिंतीला कान असतात म्हणतात.
इथे कान होता, तोंड होतं, घंटाही होती,
आणि एका तारेवर अकरा घरं.
कुणाचीही वाजली तरी सगळे उचलायचे, श्वास रोखून.
जितके ऐकणारे वाढत, तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होई.
शेवटी बोलणाराच ओरडायचा: अर्ध्यांनी तरी ठेवा रे!

आर्डनने पाच चुंबकांचा जनरेटर काढला,
जो त्याने कधी कुणाला विकायला दाखवलासुद्धा नव्हता.
बसवला. नवे सेल घातले.
मग दुसरा फोन आणि साठ फूट वायर घेऊन
व्हर्नाच्या वृद्धाश्रमात गेला.
एक तिच्या टेबलावर. दुसरा कॉरिडॉरमध्ये, औषधांच्या गाडीवर.

हँडल मारलं. दोन लांब, एक आखूड.

उघड्या दारातून तो बघत होता.
ती हलली नाही. ही तिची घंटी नव्हती.
बराच वेळ गेला. नर्सला गाडी हवी होती.
मग व्हर्नाने रिसीव्हर उचलला, हळू, खट् होऊ न देता,
आणि दुसऱ्या हाताचा तळवा
भोंग्यावर घट्ट दाबून धरला.

आर्डनने काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.
शेवटी तो म्हणाला, उत्तरेकडे बर्फ आहे,
रात्रीपर्यंत इथे येईल, गुरं आत घ्या.

ती ऐकत राहिली,
दुसऱ्या कुणाचं तरी गुपित ऐकावं तशी.