तीन खांब

अकरा मीटरच्या खांबावर
बत्तीस वर्षांत एकदाही गरगरलं नाही,
गरगरलं ते बाजेवरून उठताना.
दीड फूट उंची. सुतळीची वीण सैल.
आधी कानात डीपीची घूं,
मग आड्यावरच्या पालीच्या दोन पाली झाल्या,
कॅलेंडर कलंडलं,
आणि मी चौकट धरून उभा,
वर असताना कोणी शिडी काढून नेल्यासारखा.

विमल म्हणाली, पित्त असन.
ऑफिसात मी काहीच म्हणालो नाही.
भोवळ येणाऱ्या वायरमनला
खांबाला हात कोण लावू देतो?

उपकेंद्रातल्या उईके सिस्टरनं
निजवून पट्टा बांधला, मग उभं करून पुन्हा.
"निजले तं एकशे अठ्ठावीस, उभे झाले तं एकशे दोन.
सकाउन काय खाल्लं?"
चहा.
"अन् पानी?"
चहातच असते ना बाई.
ती हसली नाही.
"बीपीची गोयी आपल्या मनानं बंद नोका करू.
डॉक्टरले दाखवा. मीठ बी वरून नोका घेऊ, इचारल्याबिगर."

बाकीचं मला माझ्याच लाइनीतून कळलं.
रात्री बाराला थ्री-फेज येते
आणि साऱ्या शिवारातले पंप
एकदम सुरू झाले की फ्यूज जातो, अंधार.
म्हणून गावभर सांगत फिरलो,
थांब रे बापू, लाइट आली तं दोन मिनटं दम धर,
मग दाब बटन.
गावाला सांगितलं.
स्वतःच्या पायातलं रक्त
डोक्यापर्यंत चढायला मात्र
एक मिनिट दिलं नाही.

आता डोळे उघडले की आधी कुशीवर.
मग बाजेच्या काठावर, पाय लोंबते,
घोटे फिरवत खिडकीतले खांब मोजतो.
पहिला ढगेंच्या गोठ्यामागचा, वाकलेला.
दुसऱ्यावर कोतवाल पक्षी, असला तर.
तिसरा मी स्वतः उभा केला होता,
वादळाच्या दुसऱ्या दिवशी, गुडघाभर चिखलात.
तिथवर नजर पोचली की उठतो.
तांब्याभर पाणी, रात्रीची अर्धी भाकर,
चहा त्यानंतर.

तरी एका बुधवारी, भर बाजारात,
कांद्याचे ढीग हळूहळू फिरू लागले.
पडण्यापेक्षा बसलेलं बरं, म्हणून
होतो तिथंच खाली बसलो, धुळीत.
दोन पोरं हसली.
पंचफुलाबाईनं काही न विचारता
आपल्या पोत्याची सावली माझ्याकडे सरकवली,
आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, पाव किलो भेटत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून टाकलं.
आता प्रफुल्ल चढतो, मी खाली उभा.
मान मागे टाकून फार वेळ वर पाहिलं
की पुन्हा कानात घूं होते,
म्हणून मी जमिनीवरची त्याची सावली पाहतो,
तुरीच्या धसकटांवर पडलेली,
एक पाय वर, एक पाय शोधत.
तिलाच म्हणतो, हळू रे.
अन् वरून तो म्हणतो,
कोनाले सांगता, काका?