मोडीत

सारेमा बेटावरच्या हेल्दुरचा उजवा हात
सहा आठवडे प्लास्टरमध्ये.
चर्चची घंटाही तेवढेच दिवस मुकी.

लेक तार्तूहून आली. प्रयोगशाळेत असते.
म्हणाली, तू दोर ओढायचास ना,
तो ताणच आत निरोप द्यायचा:
माणूस कामावर आहे, बांधत राहा.
निरोप थांबला, की पेशीच्या केंद्रकात
एक प्रथिन शिरतं, जुने खण उघडतं,
आणि धडधाकट धाग्यांवर
युबिक्विटिनच्या चिठ्ठ्या डकवल्या जातात.
चिठ्ठी लागली की मोडीत.

हेल्दुर हसला नाही.
सामूहिक शेती बंद झाली त्या मार्चमध्ये
कोणीतरी खडूने फुल्या मारत फिरलं होतं
ट्रॅक्टरवर, दुधाच्या कॅनवर,
चालू कडबाकुट्टीवरसुद्धा.
"हुकूम कुणाचा?"
त्याने तेव्हाही विचारलं होतं.

"कुणाचाच नाही, बाबा.
कोणी ओढत नव्हतं, इतकंच."

प्लास्टर उतरलं. आतून निघाला
बर्चच्या फांदीएवढा हात, पांढरा, कुबट वासाचा.
तसाच घंटाघरात गेला. दोर धरला,
अंगाचा भार टाकून उभा राहिला.

घंटा हललीच नाही.
खांद्याशी मात्र काहीतरी
थरथरत राहिलं, बराच वेळ.