जानेवारीतलं काम

मिठाच्या व्यापाऱ्याचा माणूस आला तो भल्या पहाटे.
कालवा गोठलेला, माझा पाव अर्धाच खाऊन झालेला.
"चित्रकार घरात आहेत का?"
आहे, म्हटलं. बूट घालतेय.
तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला.
आत लेनर्ट, माझा नवरा, सफेदा घोटत बसला होता.
त्याला वाटलं, तोच.

असं होतंच. मी समजूत घालत बसत नाही,
पेटी उचलते नि चालू लागते.
मिडलबर्गच्या चित्रकार-संघात माझी वर्गणी
नऊ वर्षं वेळच्या वेळी जाते.
त्यांच्या वहीत लिहितात : लेनर्टची बायको, आणि पुढे आकडा.
आकडा बरोबर असतो.

मूल चौदा महिन्यांचं. तोबियास.
खिडक्या सताड उघड्या, थंडीनं त्याला राखावं म्हणून.
गालावर चढलेला तो पिवळा
पेटीत तयार मिळत नाही.
थोडा गेरू, थोडी हिरवी माती,
आणि हात हलू न देणं.
चारपर्यंत उजेड. उद्या दफन.
मला माझी दोन आठवली नाहीत.
आठवली असती तर हनुवटी चुकली असती.

दुपारी व्यापारी म्हणाला, डोळे उघडे काढा.
जिवंत हवाय.
रंग? मी विचारलं.
निळे. अस्सल लाजवर्द वापरा, त्याचे वेगळे देईन.
करडे, आई म्हणाली.
दोघं एकमेकांकडे बघत राहिली.
पडदे फडफडले, कुणी धरले नाहीत.
मग आईनं तोंड झाकून घेतलं,
तिलाही आता नक्की सांगता येईना.

पापणी उचलून बघता आली असती.
पण नंतर डोळ्यांवर साय धरते.
हे मला कसं माहीत, ते राहू दे.

स्वयंपाकघराच्या दारात पीटर्नेला उभी होती,
दूध पाजायला ठेवलेली,
झग्यावर छातीशी दोन ओले डाग.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
"करडेच," ती म्हणाली, "आणि डाव्यात, खालच्या अंगाला,
तपकिरी ठिपका. मोहरीएवढा.
पिताना वर बघायचा ना,
तेव्हा दिसायचा."

खारीच्या तीन केसांचा कुंचला.
ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच टेकवला,
परत हात लावला नाही.
पीटर्नेला आत गेली.
बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

रात्री माझ्या वहीत लिहिलं :
चेहरा, गळ्याची झालर, हातातलं सफरचंद. अठरा गिल्डर.
लाजवर्द : वापरला नाही.
ठिपका : पुढे नुसती रेघ.
लेनर्टनं ती पाहिली, विचारलं नाही.
सही कुठे केलीस, एवढंच म्हणाला.

सफरचंदाच्या सावलीत. पूर्ण नाव, डिग्नासकट.
इतकं बारीक, की वाचायचं तर
मेणबत्ती अगदी जवळ न्यावी लागेल.
नेईल ती. रोज रात्री नेईल,
नावासाठी नव्हे.