नमुना

पहाटेची कदंब पकडून
जानू वेळीप गावडोंगरीहून बांबोळीला पोचतात
तेव्हा माझ्या टेबलावर
जांभळ्या टोपणाच्या तीन नळ्या, रबरी पट्टा
आणि अकरा पानांचं संमतिपत्र.

पान चार मी हळू वाचते :
या अभ्यासातून तुम्हाला थेट लाभ होईलच असे नाही.
ते म्हणतात, परत वाच.
मी परत वाचते.
"होईलच असं नाही, म्हणजे होणार नाही."
मी पेनाचं टोपण लावते, काढते.
होय, म्हणते.

शाईने भिजलेला अंगठा
कागदावर टेकायच्या आधी हवेतच थांबतो.
"उरिल्लें खंय दवरतात?"

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये.
उणे ऐंशी म्हणजे किती, ते मला सांगता येत नाही.
बर्फाहून थंड. खूपच.
ते मान हलवतात, जणू शेजाऱ्याचं घर कळलं.
आम्ही बियाणं मुडीत बांधतो, म्हणतात,
गवताचे वेढे, वर दोरी,
आणि चुलीवरच्या माळ्यावर, धुरात.
तुमचं थंडीत, आमचं धुरात.
"कीड लागूंक न्हय, इतलेंच."
अंगठा उमटतो.

शीर शोधावी लागत नाही.
कोयता धरून धरून ती वर आलेली.
नळी भरते, मी ती आठ वेळा उलटी-सुलटी करते,
सावकाश. घुसळलं तर पेशी फुटतात.
ते मोजत असतात. सातव्याला म्हणतात, आणि एक.

मानेतली गाठ गुरुवारी निघाली.
मोठा तुकडा निदानाला,
उरला तो हरभऱ्याएवढा, माझ्या डबीत.
अर्ध्या तासात गोठवायचा असतो.
लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं, मी जिन्याने पळाले,
चप्पल दुसऱ्या मजल्यावर राहिली.
द्रव नायट्रोजनचं झाकण उघडलं
आणि पांढरा धूर मनगटावरून खाली सांडला.
धूर आमच्याकडेही असतो,
हे त्यांना सांगायचं राहिलं.

नळीवर नाव लिहायचं नसतं.
शून्य एक चार सात.
नाव कुलपातल्या वहीत, किल्ली डॉक्टर कुंकळ्येकरांकडे.
बाकी जगात एखाद्या अवली माणसाला
लोक हसून नमुना म्हणतात.
इथे मी रोज म्हणते, न हसता.

तिसरं रक्त चवथीनंतर द्यायचं होतं.
आली ती मुलगी, सुकांती,
फाईल परत करायला. फाईल परत करायची नसते,
पण मी घेतली.
"बाबांचं थोडं तुमच्याकडे आहे म्हणे."
आहे.
"किती?"
सहा नळ्यांतलं रक्त, आता छोट्या कुप्यांत. आणि हरभऱ्याएवढं.
"बघू?"

दार उघडलं की थंडी सांडते,
एकशे सत्तेचाळिसाव्यासाठी बाकीच्यांची.
म्हणून फक्त दारापर्यंत नेलं.
तिने हात लावला नाही.
वरचा लाल आकडा वाचला : उणे एकोणऐंशी.
"एक कमी आहे," म्हणाली.

चालतं तेवढं, म्हटलं. खाली-वर होतं.
तरी ती हलेना.
मीही टेबलाकडे गेले नाही.
यंत्र घरघरत होतं,
आणि आम्ही दोघी उभ्या होतो,
ऐंशी होईपर्यंत.