तळटीप

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला घड्याळ दिलं.
त्यावर नाव: प्रा. रेत्नानिंग्सिह, त्यातला ग गाळून.
डीन म्हणाले, बेचाळीस शोधनिबंध,
अकरा विद्यार्थ्यांना पीएच.डी., तीन महापौरांना सल्ला.
तिन्ही महापौर आले नव्हते.
सेमारांग हे नाव भाषणात एकदाही आलं नाही,
'किनारी शहर' असं आलं. तो शब्द मीच रुळवलेला.

खोली आवरताना सापडली पहिली वही,
सत्याऐंशी सालची, दोनशे बारा घरं,
कडांना खाऱ्या पाण्याचा तपकिरी नकाशा.
तेव्हा मी सव्वीस वर्षांची, आमच्यातल्या बायकांत अंमळ जास्तच उंच,
हातात टेप, झोळीत प्रश्नावली
आणि ठाम समजूत, की मोजलं की सुधारतं.

बंदरामागची ती वस्ती दर वर्षी खचते.
भरतीचं पाणी मोरीतून उलटं वर येतं,
जावयासारखं, न विचारता पाटावर बसतं.
मग लोक भराव घालतात: राडारोडा, शिंपले, वर सिमेंट.
जमीन चढते. छप्पर जागच्या जागी.
दार ठेंगणं होत जातं,
आणि माणूस स्वतःच्याच घरात
साहेबाच्या केबिनमध्ये शिरावं तसा वाकून शिरतो.

मी दारं मोजली. उंबरठ्यापासून चौकटीच्या माथ्यापर्यंत.
सोपं माप. परदेशात नावाजलं गेलं.
तक्ता सहा: एकवीस वर्षं, दोनशे बारा रेघा,
सगळ्या खाली उतरणाऱ्या,
एक सोडून.

घर क्रमांक एकशे सदतीस.
म्बाह कास्मिराह, सुकी मासळी विकणारी.
तिचं दार काही बुटकं होईना.
मी तळटीप दिली:
'येथील जमीन तुलनेने घट्ट असावी.'

ती टीप फायलीतून फायलीत गेली.
कागदी घोड्यांनी वाटेत 'असावी' खाऊन टाकलं,
मागे 'आहे' उरलं.
एकशे सदतीसच्या शेजारी पालिकेनं
आरोग्य केंद्र बांधलं. फीत मी कापली.

काल गेले, घड्याळ पिशवीत तसंच.
केंद्राच्या पाच पायऱ्यांपैकी दोन उरल्यात,
तपासणीच्या टेबलाखाली विटा.
कास्मिराह जाऊन चार वर्षं झाली.
नात, विलुजेंग, नवा भराव घालत होती,
विटांचा चुरा घोट्यापर्यंत.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे,
आणि हसली:
'त्या उंच बाई तुम्हीच का?
पहिल्या खेपेला इथे कपाळ फुटलं होतं ना तुमचं?
आजीच्या फार मनाला लागलं.
पाहुणी दारात आली आणि घरात रक्त.
मग तुम्ही यायच्या आधी, दर वर्षी,
मामाकडून वरची फळी कापून घ्यायची,
दोन बोटं. कधी चार.'

मी हात वर नेला.
आरीच्या खुणा होत्या, एकावर एक,
तक्ता सहापेक्षा नीट.

पाणी कुठे मुरतंय हे शोधण्यात माझा जन्म गेला.
हॉटेलांच्या बोअरवेल, गिरण्यांचे पंप,
समित्या, निविदा, फेरनिविदा.
आणि एका म्हातारीच्या आदरातिथ्याला
मी भूस्तर म्हणाले.

रात्री शुद्धिपत्र लिहायला बसले.
'घर क्र. १३७: जमीन इतरांइतकीच खचली.
दार पाहुणीसाठी'
इथे अडले.
नियतकालिकाच्या अर्जात कारणं छापलेली असतात:
छपाईची चूक, आकडेमोडीची चूक, उपकरणातला दोष.
उपकरणातला दोष, यावर खूण केली.
तपशील: पाच फूट नऊ इंच.

अजून पाठवलेलं नाही.

निघताना विलुजेंगनं विचारलं होतं,
पंप कधी बसणार.
विचारून सांगते, म्हणाले मी, सवयीनं,
आणि बाहेर पडताना वाकले.
गरज नव्हती.